खाऱ्या पाण्यातली फ्लाय फिशिंग आणि स्पेकल्ड ट्राउट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ह्यूस्टनला असतो आणि सवड मिळाली की फ्लाय रॉड घेऊन खाडीत उतरतो. फ्लाय म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं हलकं नकली आमिष, ते जड लाइनच्या जोरावर फेकतात. हे कळलं की आपली मंडळी ठरलेले प्रश्न विचारतात, गणपतीच्या पंगतीत पण आणि व्हॉट्सॲपवर पण. दर वेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. जास्त करून टेक्सासबद्दल आहे, लुइझियाना-फ्लोरिडाचं वेगळं असेल तिथे तसं म्हटलंय.

स्पेकल्ड ट्राउट म्हणजे नक्की कुठला मासा? आपल्याकडे मिळतो का?

आपल्याकडे नाही मिळत. डोंगरातल्या थंड ओढ्यातल्या ट्राउटशी पण याचा काही संबंध नाही, याचं गोत्र वेगळंच आहे. आपली घोळ, ढोमा, कोथ ही मंडळी ज्या कुळातली त्याच कुळातला हा. या कुळातले नर पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून डुरडुर आवाज काढतात, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी कयाकमध्ये गप्प बसलात तर तो आवाज खालून खरंच ऐकू येतो. शास्त्रीय नाव सायनोसियन नेब्युलोसस. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली फ्लोरिडा आणि तिथून मेक्सिकोच्या आखाताला वळसा घालून मेक्सिकोपर्यंत असतो, राहतो खाड्यांमध्ये आणि उथळ लगूनमध्ये. ओळखायला सोपा, चंदेरी अंग, पाठ हिरवट राखाडी, त्यावर काळे गोल ठिपके जे पाठीच्या परावर आणि शेपटीवर पण असतात, तोंड आतून पिवळं आणि वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे. नेहमीचा मासा १४ ते २० इंच. २५ च्या वरचा म्हणजे मोठा, आणि तो जवळपास नेहमी मादीच असतो, हे लक्षात ठेवा कारण पुढे सोडायच्या प्रश्नात ते परत येणार आहे.

जिवंत कोळंबी लावली की पटापट मिळतात म्हणे. मग फ्लायचा खटाटोप कशाला?

बरोबर आहे तुमचं. फ्रीजर भरायचा असेल तर पॉपिंग कॉर्कखाली (पाण्यावर आवाज करणारं बूच) जिवंत कोळंबी लावा, फ्लायच्या नादी लागू नका. फ्लायची मजा दोन फूट पाण्यात आहे, जिथे गवतावर मासा दिसतो, किंवा तो असल्याची खूण तरी दिसते, आणि जड ल्यूर (प्लास्टिक-धातूचं नकली आमिष) धप्पकन पडला तर तो पळून जातो. तिथे फ्लाय आवाज न करता उतरते आणि जागेवर तरंगत राहते. आणि फ्लायवर छोटेच मासे लागतात हा गैरसमज आहे. २००२ च्या मे महिन्यात बड रोलंड यांनी दक्षिण टेक्सासातल्या लोअर लगुना माद्रे या लगूनमध्ये फ्लायवर १५.६ पौंडाचा, सव्वासदतीस इंचांचा ट्राउट काढला आणि मोजून परत सोडून दिला. टेक्सासचा तो रेकॉर्ड फक्त फ्लायपुरता नव्हता, सगळ्या रॉड-रीलमध्ये तोच मोठा ठरला. जगातला रेकॉर्ड फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सचा, १९९५ चा, १७ पौंड ७ औंस.

रॉड, रील, लाइन काय घेऊ?

नऊ फुटी, आठ नंबरचा रॉड (नंबर म्हणजे तो पेलतो त्या लाइनच्या वजनाचा). बस. सात नंबरवर मासा जास्त मजा देतो पण इथला वारा बघता आठच बरा, आणि मध्येच रेडफिश (याच कुळातला, जास्त ताकदीचा मासा) लागला तरी निभावतो. रील खाऱ्या पाण्याचीच घ्या, ड्रॅग (रीलचा ब्रेक) सील केलेला हवा. गोड्या पाण्याची स्वस्तातली रील एका मोसमात जाम होते. ट्राउट काही रेडफिशसारखा लांब पळत नाही, त्यामुळे रीलवर फार पैसे घालायची गरज नाही, उरलेले पैसे लाइनवर घाला. लाइन फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी, वेट फॉरवर्ड म्हणजे पुढच्या बाजूला जड, आणि ती गरम हवेसाठी बनवलेली ट्रॉपिकल आहे ना ते बघून घ्या. थंड पाण्याची लाइन आमच्या जुलैच्या उन्हात लुळी पडते, रॉडच्या रिंगांना चिकटते आणि कास्ट (लाइनची फेक) जातच नाही, मग लोक आपल्या हाताला दोष देत बसतात. चार-पाच फुटांपेक्षा खोल पाण्यात मारायचं असेल तर इंटरमीडिएट (हळू बुडणारी) लाइन एका स्पूलवर भरून ठेवा, पण ते नंतर.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधला पारदर्शक दोरा, नऊ फुटांचा, टोकाला १६ ते २० पौंडाचा फ्लोरोकार्बन. सुळे दिसले म्हणून वायर लावायचं कारण नाही, ते धरायला आहेत, कापायला नाहीत. फक्त दर एक-दोन माशांनंतर फ्लायच्या वरचा वीतभर तुकडा बोटांनी चाचपायचा, खरखरीत लागला तर कापून गाठ नवी मारायची. गाठ लूपची मारा, नॉन-स्लिप लूप. घट्ट गाठीने फ्लाय ताठ चालते, लूपवर ती मोकळी डुलते.

वारा इतका असतो, कास्ट होतं तरी कसं?

वसंतात आमच्याकडे आग्नेयेचा वारा ताशी १५-२० मैल म्हणजे रोजचंच. वारा पडायची वाट बघाल तर घरीच बसाल. डबल हॉल शिकून घ्या, हे टाळून चालत नाही. डावा हात योग्य वेळी लाइन खाली ओढतो, लाइनला वेग येतो आणि कमी ताकदीत कास्ट जातं. मैदानात गवतावर रोज पंधरा मिनिटं केलंत तरी बसतं. बाकी युक्त्या साध्या आहेत, वारा पाठीवर किंवा रॉडच्या विरुद्ध खांद्यावर येईल असं उभं राहायचं, उजव्या खांद्यावर येत असेल तर गळ कानात बसायची शक्यता असते (गंमत नाही, टोपी आणि गॉगल घातल्याशिवाय उतरूच नका). आणि ऐंशी फुटांचा कास्ट लागत नाही. चाळीस फूट नीट जातंय? मग मासे आहेत तुमच्यासाठी.

फ्लाय किती आणि कुठल्या घेऊ? दुकानात शेकडो आहेत.

तीन. दुकानातल्या बऱ्याचशा फ्लाय मासे पकडायला नसतात, आपल्याला पकडायला असतात. ट्राउट खातो काय तर लहानपणी कोळंबी, आणि मोठा झाला की मासे: मुलेट म्हणजे आपली बोय, पिनफिश, मेनहेडन. त्यामुळे एक खाली जाणारी, एक मध्ये तरंगणारी आणि एक वर बुडबुडे काढणारी एवढं असलं की झालं.

खाली जाणारा क्लाउझर. बॉब क्लाउझर हे पेन्सिल्व्हेनियातले, सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी १९८० च्या दशकात त्यांनी तो बांधला, नाव दिलं प्रसिद्ध फ्लाय फिशर लेफ्टी क्रेह यांनी, आणि आज तो अख्ख्या जगात खाऱ्या पाण्यात चालतो. मधला डिसीव्हर, तो स्वतः लेफ्टी क्रेह यांचा, चेसापीक बेच्या स्ट्राइप्ड बाससाठी १९५० च्या दशकाच्या शेवटी बांधलेला. शेपटीला कोंबड्याची लांब पिसं, पुढे हरणाच्या केसांची कॉलर, पाण्यात थांबला तरी पिसं हलत राहतात, आणि ट्राउटला ते थांबणंच आवडतं. वरचा गर्गलर, जॅक गार्टसाइड यांचा, फोमची पट्टी दुमडून बांधायचा. पॉपरपेक्षा (सपाट तोंडाची, पाण्यावर आवाज करणारी फ्लाय) मला हाच आवडतो, कारण हलका आहे, वाऱ्यात जातो आणि गवतावर फार गोंगाट करत नाही.

रंग? पांढऱ्यावर पोपटी (चार्ट्रूज म्हणतात तो), तपकिरी-पांढरा, आणि गढूळ पाण्यात किंवा अंधारात काळा-जांभळा. यावर तासन् तास वाद घालणारे लोक आहेत, घालू दे. साइज आणि खोली बरोबर असेल तर रंगाने फार अडत नाही असं माझं मत आहे.

फ्लाय घरी बांधायला काय काय लागतं?

वाइस (गळ धरायचा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायला), चांगली कात्री, व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायला). एवढी हत्यारं. वाइस सुरुवातीला साधा चालेल पण गळ घट्ट धरतो ना ते बघा, एक नंबरचा स्टीलचा गळ धरून दोरा ताणला की स्वस्त वाइसमध्ये तो खाली घसरतो आणि डोकं फिरतं. सामान: मस्टॅड ३४००७ सारखे स्टेनलेस गळ, साइज १/० ते ४ (१, २, ४ असा आकडा वाढला की गळ लहान), त्यातही १ आणि २ सगळ्यात जास्त लागतील. दोरा २१० डेनियर, पांढरा. बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे रंगवलेले केस, पांढरी, पोपटी आणि तपकिरी. डंबेल डोळे आणि त्याहून हलके बीड चेनचे डोळे, म्हणजे फ्लायला वजन द्यायचे धातूचे जोडमणी. थोडी चमकी, क्रिस्टल फ्लॅश किंवा फ्लॅशाबू. कोंबड्याची सॅडल पिसं. फोम मात्र फ्लायच्या दुकानातून घेऊ नका, मुलांच्या हस्तकलेच्या दुकानात तोच २-३ मिमीचा शीट मिळतो, पोरांच्या प्रोजेक्टमधून उरलेला असेल तर आणखी चांगलं. सुपरग्लू आणि यूव्ही रेझिन (यूव्ही लाइटने कडक होणारा डिंक).

स्वस्त पडतं का? नाही. बांधलेली विकत घेतली असती तर पैसे वाचले असते हे सगळ्यांना एक वर्षाने कळतं आणि तोवर कपाट भरलेलं असतं. बांधायचं कारण वेगळं आहे, तुमच्या खाडीतल्या खोलीला हवं तेवढं वजन आणि हवी ती लांबी तुम्ही स्वतः ठरवू शकता.

क्लाउझर बांधायचा कसा? सविस्तर सांगा.

साइज २ चा गळ वाइसमध्ये. गळाच्या डोळ्यामागून (लीडर बांधायचं भोक) दोरा सुरू करून गळाच्या दांडीवर एक थर मागे न्या आणि परत पुढे या. गळाच्या डोळ्यापासून साधारण एक तृतीयांश मागे दोऱ्याचा एक छोटा उंचवटा करा, त्याला टेकवून डंबेल डोळे दांडीच्या वर ठेवा. हे वर ठेवणं महत्त्वाचं, कारण वजन त्या बाजूला गेलं की पाण्यात फ्लाय उलटी होते, गळाचं टोक वर येतं आणि गवतात अडकत नाही. आडवे तिडवे आठच्या आकड्यासारखे वेढे द्या, दहा-बारा, मग डोळ्यांच्या खाली आणि दांडीच्या वर, या मधल्या जागेतून गोल गोल पाच-सहा वेढे, याने आधीचे वेढे आवळले जातात. बोटाने डोळे फिरवून बघा, हलले तर अजून द्या. मग सुपरग्लूचा एक थेंब. इथे घाई केली तर चौथ्या-पाचव्या माशाला डोळे फिरतात आणि फ्लाय आडवी पोहायला लागते.

आता पांढरी बकटेल. शेपटीच्या वरच्या अर्ध्यातले केस घ्या, बुडाचे केस पोकळ असतात आणि दोरा आवळला की फुलारतात. दाबल्यावर काडेपेटीच्या काडीएवढी जाडी, जास्त नको. बुडाकडचा मऊ भुरा आणि आखूड केस बोटाने विंचरून काढून टाका. लांबी दांडीच्या दुप्पट ते अडीचपट. हे केस डोळ्यांच्या पुढे बांधा, दोन डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्या आणि डोळ्यांच्या मागे पण चार वेढे देऊन दांडीवर बसवा. आता वाइसमध्ये गळ उलटा करा. चमकीचे सहा-आठ धागे, आणि त्यावर पोपटी बकटेल तेवढीच, पण ही फक्त डोळ्यांच्या पुढे बांधायची, मागे नाही, म्हणजे ती गळाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी झाकते. दोऱ्याचं निमुळतं डोकं करा, व्हिप फिनिश, रेझिन, लाइट मारा, झालं.

नवीन माणसाचा क्लाउझर ओळखू येतो तो त्याच्या केसांवरून. दाट, गुबगुबीत, हातात छान दिसतो आणि पाण्यात बुडायलाच तयार नसतो. आरपार उजेड दिसला पाहिजे. टेबलावर अगदीच काटकुळा वाटला की समजा बरोबर झालाय.

वजनाचं म्हणाल तर दोन फुटांपर्यंत बीड चेन, तीन-चार फूट आणि वाहत्या पाण्याला छोटे डंबेल. फार जड लावू नका, ट्राउट खालून वर बघून मारतो, त्याच्या पोटाखालून गेलेली फ्लाय त्याला दिसतच नाही.

डिसीव्हरची पिसं कास्ट करताना गळाला गुंडाळतात, काय करू?

पिसं अगदी मागे, गळाच्या वाकासमोर बांधा आणि चार ते सहा पिसं एकत्र घ्या, दोनने होत नाही. लांबी पण आवरा, साडेतीन-चार इंच खूप झाली. तरी गुंतत असेल तर दोष कास्टमध्ये आहे, मागचा कास्ट पूर्ण उलगडायच्या आत पुढे मारताय.

आई भारतातून येतेय, मोरपिसं किंवा रानकोंबड्याची पिसं मागवू का?

अजिबात नको. मोरपिसं भारतात गळून पडलेली घरात ठेवता येतात पण बाहेर न्यायला बंदी आहे. रानकोंबडा तर आपल्या सह्याद्रीतलाच, करड्या रंगाचा, त्याच्या मानेवरची मेणासारख्या ठिपक्यांची पिसं इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या सामन (सॅल्मन मासा) फ्लायवाल्यांनी एकेकाळी गोणीने नेली, आता भारतातून निर्यातीला बंदी आहे आणि वन्यजीव कायदा पण लागू होतो. एक योगायोग सांगतो, १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने फ्लायची पाच तिकिटं काढली, त्यात आपला लेफ्टीज डिसीव्हर पण होता आणि जॉक स्कॉट नावाची सामन फ्लाय पण होती, जिच्या गालावर हीच रानकोंबड्याची पिसं बांधतात. ट्राउटला त्यातलं काहीच लागत नाही. पोल्ट्रीतल्या कोंबड्याची पिसं पुरतात. आईला कोकम आणायला सांगा, ते पुढे कामाला येईल.

पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. मासा शोधायचा कसा?

इथेच खरी गंमत आहे, आणि फ्लाय बांधण्यात घालवाल त्याच्या निम्मा वेळ जरी पाणी बघण्यात घातलात तरी जास्त मासे मिळतील.

आधी आमिष शोधा, म्हणजे घाबरलेली बोय, उडणारी कोळंबी. नुसती आरामात फिरणारी बोय उपयोगाची नाही, एका दिशेने फुटून पळणारी हवी. मग गवत. समुद्री गवताच्या पट्ट्यात मध्ये मध्ये वाळूचे उघडे खड्डे असतात, वरून फिकट दिसतात, ट्राउट त्यांच्या कडेला गवताच्या सावलीत तोंड उघड्याकडे करून थांबतो. फ्लाय गवतावर टाकून खड्ड्यात ओढून आणायची आणि कडेला थांबवायची. बहुतेक वेळा तिथेच लागतो.

दुसरं, तेलकट डाग. ट्राउटचा थवा खालच्या पाण्यात तेलकट मासे खात असला की ओकलेल्या तेलाचा गुळगुळीत तवंग वर येतो, आणि त्याला कापलेल्या कलिंगडाचा वास येतो. ऐकायला थाप वाटते, पण वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहा आणि स्वतः बघा. डाग नवा असेल तर छोटा असतो, ताटाएवढा ते मोटारीएवढा, मोठा पसरलेला डाग म्हणजे मासे कधीच पुढे गेले. वाऱ्याच्या वरच्या बाजूला कास्ट करायचं, कारण तवंग वाहत आलेला असतो.

तिसरं, पक्षी. सीगलचा थवा एका जागी खाली खाली सूर मारतोय म्हणजे खालून ट्राउट कोळंबी वर हाकलतायत. छोटे टर्न मात्र फसवतात, ते कुठल्याही चिंगळीवर सूर मारतात. बोट थव्यात घालू नका, कडेला थांबा, नाहीतर पाच मिनिटांत सगळं संपतं आणि आजूबाजूच्या चार बोटी तुमचा उद्धार करतात.

भरती-ओहोटीबद्दल: टेक्सासला भरती जेमतेम फूट-दीड फुटाची, कोकणासारखी खाडी रिकामी होत नाही. वारा जास्त पाणी हलवतो. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की खाडीतलं पाणी चक्क बाहेर ढकललं जातं. पाणी हलतंय एवढं बघा, कुठल्या दिशेने ते दुय्यम.

ह्यूस्टनहून कुठे जाऊ?

गॅल्व्हेस्टन बे सगळ्यात जवळ पण ट्रिनिटी आणि सॅन हसिंटो नद्यांचं गढूळ पाणी त्यात येतं, फ्लायला अवघड. त्यापेक्षा थोडं दक्षिणेला क्रिसमस बे, तिथे गवत आहे. साडेतीन तास गाडी हाणायची तयारी असेल तर रॉकपोर्ट-पोर्ट अरॅन्सस, रेडफिश बे, पाणी स्वच्छ आणि चालत मासे मारायला जागा भरपूर. आणि वर्षातून एकदा तरी लगुना माद्रे. पाद्रे बेटाच्या आड पसरलेलं हे उथळ लगून समुद्रापेक्षा खारट आहे, जगात असे लगून थोडेच आहेत, मैलच्या मैल गुडघाभर पाणी. बॅफिन बे मोठ्या ट्राउटसाठी प्रसिद्ध. लुइझियानात लेक चार्ल्सजवळचा कॅल्कॅशू लेक पण ह्यूस्टनहून एका दिवसात होतो.

एक विनंती, बोट गवतावरून पंखा घासत नेऊ नका. २०१३ पासून पूर्ण टेक्सासात पंख्याने समुद्री गवत उपटणं बेकायदा आहे, आणि गवत गेलं की ट्राउटची पोरं राहणार कुठे.

कुठला महिना चांगला?

एप्रिल ते जून सोपं. मासे उथळ पाण्यात, खायच्या मूडमध्ये. जुलै-ऑगस्टला पहाटे उतरा, गर्गलर वर चालवा, दहा वाजता घरी या. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कोळंबी खाडीतून बाहेर पडते तेव्हा पक्ष्यांखाली धमाल असते. मोठा मासा हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, थंडी पडून दोन दिवस ऊन आलं की दुपारी काळ्या चिखलाच्या तळावर, कारण चिखल लवकर तापतो. तेव्हा फ्लाय इतकी हळू ओढायची की कंटाळा आला पाहिजे.

फार थंडी मात्र या माशाला मारते. फेब्रुवारी २०२१ च्या त्या बर्फात (ह्यूस्टनवाल्यांना लाइट-पाणी गेलेलं आठवत असेलच) टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे ३८ लाख मासे मेले, आणि ट्राउटला सगळ्यात जास्त फटका लगुना माद्रेत बसला.

मासा लागतो आणि जवळ येऊन सुटतो. का?

कारण याचं तोंड मऊ असतं. ओठाजवळची कातडी कागदासारखी पातळ, जोरात झटका दिला की गळ भोक मोठं करून निघून येतो. रॉड वर उचलून झटका द्यायचाच नाही. मासा लागला वाटलं की डाव्या हाताने लाइन तशीच पुढे ओढत राहायची, वजन जाणवलं की रॉड आडवा झुकवायचा. ड्रॅग हलका. आणि ट्राउट वर येऊन डोकं झाडतो, तेव्हा रॉड खाली, पाण्याच्या बाजूला न्या म्हणजे तो तोंड बाहेर काढू शकत नाही. वरच्या फ्लायवर तर आणखी संयम लागतो, पाणी फुटलं म्हणजे मासा लागला असं नाही, तो पहिल्या फटक्याला बऱ्याचदा चुकतो. ओढून घेतलीत तर गेला. चालवत राहा, परत येतो.

रात्री धक्क्यांवर हिरवे दिवे असतात तिथे मारतात म्हणे?

हो, आणि नवीन माणसाला शिकायला यापेक्षा सोपी शाळा नाही. दिव्याखाली बारीक मासळी जमते, ट्राउट उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर थांबतो. मोठी फ्लाय नको, साइज ४ किंवा ६, पांढरी, पातळ, दीड इंचाची. अंधारातून उजेडाकडे ओढा. लोकांच्या खाजगी धक्क्यावर पाय ठेवू नका आणि त्यांच्या बोटींवर गळ आपटू नका.

किती मासे ठेवता येतात?

टेक्सासात २०२४ पासून दिवसाला माणशी ३, आणि लांबी १५ ते २० इंचांच्या मध्येच. २८ इंचांवरचा ठेवायचा असेल तर लायसन्सबरोबर मिळणारा टॅग लागतो. लुइझियानात २०२३ च्या नोव्हेंबरपासून १३ ते २० इंच, १५ मासे, त्यात २० च्या वरचे दोनच. फ्लोरिडात १५ ते १९ इंच, आकडा भागाप्रमाणे बदलतो. नियम दर थोड्या वर्षांनी हलतात, म्हणून टेक्सासचं आउटडोर ॲन्युअल ॲप फोनवर ठेवा. विकायचा विचार करू नका, १९८१ पासून टेक्सासच्या पाण्यातला ट्राउट आणि रेडफिश विकायला बंदी आहे.

मोठी मादी सोडा, कायदा परवानगी देत असला तरी. ती एका मोसमात कित्येक वेळा अंडी घालते, आणि हे मासे आपली खाडी सोडून फार लांब जात नाहीत, म्हणजे तुम्ही मारलेली मादी तुमच्याच खाडीतून कमी झाली.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना पण लायसन्स लागतं का?

हो. हातात रॉड घेतला की लागतं, नुसते खुर्चीत बसून चहा पीत बघणार असतील तर नाही. नॉन-रेसिडेंटसाठी एक दिवसाचं ऑल-वॉटर (गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्याचं) मिळतं, ऑनलाइन पाच मिनिटांत होतं. तुम्ही स्वतः वर्षाचं घेताना खाऱ्या पाण्याचं एंडॉर्समेंट आहे ना बघा. १७ वर्षांखालच्या मुलांना टेक्सासात नको.

पाण्यात चालायचं म्हणजे धोका काय?

पाकट. वाळूत पुरून बसलेली असते, पाय उचलून टाकला आणि तिच्या पाठीवर पडला की काटा घुसतो. पाय घासत घासत चाला, ती सरकून जाते. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा, काटा खोल असेल तर स्वतः उपटू नका. दुसरं म्हणजे व्हिब्रिओ नावाचा जंतू, गरम खाऱ्या पाण्यात असतो आणि जखमेतून आत जातो. बहुतेकांना काही होत नाही, पण डायबेटिस किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांनी पायाला साधं खरचटलेलं असताना पण उतरू नये. आपल्या लोकांत डायबेटिस किती घरोघरी आहे हे वेगळं सांगायला नको. पाय लाल होऊन सुजायला लागला तर सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सी.

चवीला कसा? आणि कापताना मांसात पांढरा दोरा दिसला तो काय?

चव सौम्य, मांस पांढरं आणि मऊ. पकडल्या पकडल्या बर्फात गेला पाहिजे, उन्हात अर्धा तास पडला तर पिठूळ होतो. फ्रीजरमध्ये पण फार दिवस टिकत नाही, त्यामुळे खाणार तेवढाच ठेवा. कालवणात तुकडी मोडते, म्हणून रवा लावून शॅलो फ्राय सगळ्यात उत्तम: आगळ, हळद, तिखट, आलं-लसूण लावून वीस मिनिटं, मग रवा आणि थोडं तांदळाचं पीठ, तव्यावर एकदाच उलटायचा. कालवण करायचंच असेल तर आधी नारळाचा रस उकळून घ्या आणि तुकड्या शेवटी सोडा, ढवळू नका.

दोरा म्हणजे किडाच, फीतकृमीची अळी. या माशात पुष्कळदा सापडते, तिचं पुढचं आयुष्य शार्कच्या पोटात असतं, माणसाला तिचा त्रास होत नाही. सुरीच्या टोकाने ओढून काढा. बायको बघत असेल तर आधी काढा.

घरात श्रावण पाळतात. पकडून सोडलं तर चालतं का?

देवाचं मी सांगू शकत नाही, माशाचं सांगतो. श्रावण पडतो जुलै-ऑगस्टला, तेव्हा पाणी सगळ्यात गरम, त्यात प्राणवायू कमी, आणि ट्राउटचा अंडी घालायचा हंगामही चालूच असतो. सोडलेले सगळे जगतात असं नाही. गळाची आकडी पकडीने दाबून टाका, हात ओले करा, रबराची जाळी वापरा, फोटो पाण्यालगत एकच. दमलेला मासा पाण्यातच शेपटीला धरून पोहतो तसा सरळ ठेवा, स्वतः झटका देऊन जाऊ दे. आणि घशात गळ गेला असेल तर उकरत बसू नका, दोरा जवळ कापा. महिनाभर घरी बसून फ्लाय बांधल्या तरी श्रावण पाळल्यासारखंच आहे.

गळ गंजतात, डबी पिवळी पडते.

वापरलेली फ्लाय ओली डबीत टाकू नका. वेगळ्या छोट्या डबीत ठेवा, घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून काढा, वाळवा, मग जागेवर. एक गंजकी फ्लाय शेजारच्या सगळ्यांना डाग लावते. रॉड-रील नळाखाली धुवा पण जोराच्या फवाऱ्याने नाही, मीठ आत ढकललं जातं.

हेच फ्लाय सुट्टीत कोकणात चालतील का?

ट्राउट नाही पण बाकी बरंच काही आहे. क्लाउझर छोटे मासे खाणारा कुठलाही मासा घेतो, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी जिताडा, तांबोशी, रावस यांच्यासाठी न्या. दोन बदल करा, जिताडा आणि तांबोशीसाठी टोकाला ४० पौंडाचा जाड तुकडा लावा कारण जिताड्याच्या गालाची कड धारदार असते आणि तांबोशी लागली की सरळ खडकात घुसते, आणि फ्लाय चार-पाच इंचांची बांधा. आमच्याकडच्या फूटभर भरतीच्या हिशेबाने खाडीत चालत आत जाऊ नका, तिथे पाणी कितीतरी जास्त चढतं आणि चिखलात पाय रुततो, गावातल्या गळवाल्याला वेळ विचारून मगच उतरा.